चोवीस युरोंचं शाब्रो

फ्रान्सच्या दक्षिणेला, आल्बीत माझं वाइनचं दुकान आहे, त्याला यंदा एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षांत मी शहाणपणाची एकच गोष्ट शिकले. वाइन बनवणाऱ्याला "तुमची सगळ्यात चांगली वाइन कुठली?" असं चुकूनही विचारायचं नाही. विचारलंत की मेलात. तो तळघरात जातो, वीट उचलल्यासारखी जड बाटली घेऊन येतो, आणि मग ती कशी घडली याचं पुराण सुरू. त्यापेक्षा विचारावं, "दुपारी जेवताना तुम्ही स्वतः काय पिता?" माणूस जरा लाजतो. म्हणतो, "ती होय? ती काय, घरचीच आहे." ती घरची जी असते ना, तिच्या मागावर मी जन्मभर खेडोपाडी हिंडतेय.

माझ्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला एक फळी आहे. तिच्यावर दहा युरोंच्या वरची बाटली ठेवायची नाही, हा माझा नियम. इस्पितळातल्या नर्सबाई, शाळामास्तर, रंगकाम करणारा तो ठेंगणा, अशी आठवड्याला एकच बाटली नेणारी माणसं तिथे उभी राहतात. श्रीमंतांना काय, कुणीही वाइन विकेल. त्या नर्सबाईंच्या एका बाटलीची मात्र मला रात्रंदिवस काळजी असते. वाईट निघाली तर त्यांचा अख्खा आठवडा वाया जायचा.

तर नोव्हेंबरातला सोमवार होता, दुकान बंद. मी आणि माझा नवरा ल्युसियाँ गायाकच्या द्राक्षमळ्यांच्या बाजूला निघालो होतो. गाडी तो चालवतो, कारण तो पाणी पितो. हो, वाइनवालीचा नवरा पाणी पितो. गावात यावरून बोलून बोलून लोकांची तोंडं दुखली, त्याला ढिम्म फरक पडला नाही. वाटेत गाडीनं मान टाकली म्हणून जेर्व्हेच्या गॅरेजात थांबलो. हा जेर्व्हे एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करतो. सकाळचे साडेदहा वाजले होते. त्यानं हात पुसले, कोपऱ्यातला प्लास्टिकचा कॅन उचलला आणि मोहरीच्या चटणीच्या रिकाम्या ग्लासात मला लाल वाइन ओतून दिली.

"घ्या मादाम मारीज, गाडी होईस्तोवर."

मी एक घोट घेतला. मग दुसरा. मग मी खाली टायरवर बसले.

"ही कुणाची?"

"एली व्हेसिएरची. टेकडीपलीकडे, ते कबुतरखान्याचं घर. पण जीव लावू नका. त्या वेली गुरुवारी उपटणारेत."

"काय बोलतोस!"

"खरंच. म्हाताऱ्यानं तीन वर्षांपूर्वी सगळं पोरीच्या नावावर केलं. आणि शब्द दिला, की वेलींच्या बाबतीत मी तोंडातून अक्षर काढणार नाही. तेव्हापासून खरंच बोललेला नाही. पोरगी बोर्दोहून शिकून आलीय, तिला मोठी वाइन करायचीय. जुने दोन्ही तुकडे उपटून नवी लागवड करणार. लालचा एक, आणि कबुतरखान्यामागचा पांढऱ्याचा एक. खोदाईचं यंत्र माझ्याकडेच आलंय दुरुस्तीला. ते बघा."

अंगणात पिवळं यंत्र उभं होतं. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! ग्लासात ब्रोकॉल द्राक्षाची वाइन होती, आमच्याच मातीतली. काळ्या मनुकेचा वास, मिरीची चिमूट, आणि घोट गिळला की पुन्हा तहान. अशी वाइन माझ्या फळीवर सहा वर्षांत आली नव्हती. आणि ती गुरुवारी मरणार!

गाडी सुरू झाल्यावर ल्युसियाँ म्हणाला, "चेहरा नीट कर. असा घेऊन गेलीस तर ती दारातूनच परत पाठवेल."

"मी गोड बोलणारे."

"तू?"

"हो, मी! आधी तिच्या वाइनचं कौतुक करीन. मैत्री करीन. आणि मग हळूच विषय काढीन."

"जेवायला बसवतीलच. शेवटी चीज टेबलावर येईपर्यंत जीभ आवरलीस ना, तर महिनाभर भांडी मी घासतो," तो म्हणाला. "नाहीतर तू."

मी लगेच हात पुढे केला.

सेव्हरीन व्हेसिएर दारातच भेटली. चव्वेचाळीस-पंचेचाळीसची, केस घट्ट बांधलेले, हात मात्र आमच्यासारखेच, वाइनच्या डागांचे. मला ती आवडली, याचंच मला वाईट वाटलं. दुकानाचं नाव तिनं ऐकलं होतं. तिचा चेहरा उजळला, आणि मला थेट तळघरात नेऊन तिनं जड बाटली काढली. लेबलवर सोनेरी पक्षी, खाली नाव: 'लाँव्होल'. म्हणजे भरारी. किंमत चोवीस युरो.

"अठरा महिने नव्या लाकडी पिंपात ठेवलीय," ती म्हणाली. "पहिलंच वर्ष आहे. खरं सांगा."

खरं सांगा म्हणे! मी नाक घातलं. सुताराच्या दुकानात गेल्यासारखं झालं. लाकूड, मग व्हॅनिला, मग परत लाकूड. द्राक्ष कुठे तरी मागे, पाहुण्यांच्या गर्दीत यजमान हरवावा तसं. वाईट नव्हती हो, कामात कसूर नव्हती. पण दुसरा घोट घ्यावासा वाटेना.

"किती मेहनत घेतलीत!" मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"आवडली?"

"फार... भारदस्त आहे."

मागे ल्युसियाँला खोकला आला.

तेवढ्यात बारा वाजले आणि आमच्याकडचा कायदा लागू झाला. बाराच्या ठोक्याला दारात असलेला माणूस जेवूनच जातो. 'नको' म्हणणं म्हणजे त्या घरच्या सुपाला नावं ठेवणं. आम्ही आत गेलो. टेबलाच्या टोकाला एली बसला होता. अठ्ठ्याहत्तरचा, टोपी डोक्यावरच, गालांवर लाल शिरांची जाळी. माझ्याशी हात मिळवून म्हणाला, "बसा, बसा. कोबीचं सूप आहे." बस्स.

सुपात कोबी, बटाटे, बदकाची चरबी आणि तळाला शिळा पाव. चमचा उभा राहील असं दाट. सेव्हरीननं तळघरातली बाटली आणून माझ्यापुढे ठेवली, मानाच्या पाहुणीच्या जागी. एलीपुढे मातीची सुरई होती. तिच्यात तीच, कॅनमधली. म्हाताऱ्यानं सगळ्यांचे ग्लास सुरईतूनच भरले, ल्युसियाँचा सोडून. बाटलीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मी बोलत होते. देवा, काय गोड बोलत होते! पिंपांचं लाकूड कुठून आणलं, बाटली किती देखणी, पक्षी किती सुंदर. सेव्हरीन खुलली होती. म्हणाली, पॅरिसच्या एका हॉटेलवाल्यानं नमुना मागवलाय. मी म्हटलं, "अरे वा!" बोलता बोलता सूप संपत आलं. ताटलीत दोन चमचे रस्सा उरला. आणि मग घात झाला.

मी आजीच्या हाताखाली वाढलेली मुलगी. दोन चमचे सूप उरलं की चमचा पालथा घालायचा, चमच्याची पाठ बुडेस्तोवर वाइन ओतायची, ताटली दोन्ही हातांनी उचलायची आणि तोंडाला लावायची. याला आमच्याकडे शाब्रो म्हणतात. मी चौथ्या वर्षापासून करतेय. हात आपोआप जातो, डोक्याला विचारत नाही. आणि शाब्रोला वाइन घ्यायची ती हलकी, रोजची, सुपात गेली तरी हळहळ वाटू नये अशी. चांगली वाइन सुपात ओतणारा माणूस आमच्याकडे वेडा तरी असतो, नाहीतर पॅरिसचा.

माझा हात सुरईवरून पुढे गेला. सुरईला लागला नाही. तिला ओलांडून त्यानं जड बाटली उचलली, चमच्याची पाठ बुडेस्तोवर ओतली, आणि मी ताटली उचलून पिऊन टाकली. मिशा असत्या तर पुसल्याही असत्या.

ताटली खाली ठेवली आणि वर पाहिलं.

सेव्हरीनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. ती बाटलीकडे बघत होती, मग माझ्या ताटलीकडे, मग माझ्या ग्लासाकडे, ज्यात सुरईतली वाइन मी जपून ठेवली होती. टेबलाखाली ल्युसियाँनं माझ्या पायावर पाय दिला. आता देऊन काय उपयोग!

"ती अठरा महिने पिंपात होती," सेव्हरीन हळू आवाजात म्हणाली.

"अगं बाई... माफ करा. चुकून. सवयीनं हात..."

"चुकून नाही. सवयीनंच. सुपात कुठली ओतायची, हे तुमच्या हाताला कळतं." तिनं बाटली स्वतःकडे ओढली. "मघापासून पक्षी सुंदर, बाटली सुंदर. एकदा तरी म्हणालात का, वाइन चांगली आहे? तुम्ही कशाला आलात इथे?"

आता मात्र माझ्याच्यानं राहवेना. भांडी तर भांडी.

"जेर्व्हेच्या गॅरेजात तुमच्या वडिलांची वाइन प्यायले म्हणून आले," मी म्हणाले. "गुरुवारी तुम्ही त्या वेली उपटणार आहात आणि तसं होऊ नये म्हणून आले. तुमची ही वाइन खोटी नाही, पण हिच्यात मला लाकूड दिसतं, तुमची टेकडी दिसत नाही. गोड बोलून तुम्हाला गुंडाळायचं ठरवलं होतं मी. लाज वाटते मला. पण हातानं चहाडी केली, बरं झालं."

"टेकडी!" ती उसळलीच. "टेकडीला कोण विचारतं? सहकारी संघ द्राक्षांना काय भाव देतो माहितेय? कॅन भरभरून वाटायची, मेकॅनिक, पोस्टमन, सगळ्या गावानं फुकट प्यायची आणि 'वा वा' म्हणायचं! वडिलांचा जन्म त्यात गेला. एकाही माणसानं कधी त्यांचं नाव बाटलीवर वाचलं नाही. मला ते वाचायला लावायचंय. तेवढ्यासाठी आले मी परत."

तिनं घसा ओला करायला समोरचा ग्लास उचलला आणि एका दमात अर्धा केला.

मी बघितलं. ल्युसियाँनंही बघितलं.

"आणि काय गं," मी म्हणाले. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते मलाच कळलं नाही. "तुझ्या ग्लासात काय आहे?"

तिनं ग्लासाकडे पाहिलं. मग सुरईकडे. सुरई रिकामी होती. तिच्या त्या चोवीस युरोंच्या बाटलीतून मात्र माझा तळघरातला घोट आणि शाब्रो सोडलं तर थेंब कमी झालेला नव्हता.

"ही... जेवताना घेतो आम्ही," ती पुटपुटली.

"रोज?"

"रोजच."

"मग तुझी ती कोण पिणार? जिनं केली ती तर पीत नाही."

मला वाटलं, आता उठून माझ्या डोक्यात बाटली घालणार. ती उठली नाही. ग्लास नाकाशी नेला आणि कितीतरी वेळ तसाच धरून बसली. रोजची वाइन कोण हुंगतं? आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही. तिला तो बहुतेक तीन वर्षांत पहिल्यांदा आला. डोळे भरले तिचे, आणि माझेही भरले. मी कशाला लपवू?

"पापा," ती म्हणाली, "तुम्ही बोला ना काहीतरी."

एलीनं मान हलवली. "शब्द दिलाय."

"दिलाय, पण तीन वर्षं! इतकं मनात होतं तर एकदा तरी..."

"शब्द म्हणजे शब्द."

"मग मी सोडते तुम्हाला. झालं? या दोघांच्या देखत सोडते. बोला!"

म्हाताऱ्यानं टोपी नीट केली, तो उठला आणि बाहेर गेला. परत आला तो काखेत एक बिनलेबलची बाटली घेऊन. सोबत बकरीच्या दुधाचं चीज. बघा, चीज आता आलं! ल्युसियाँनं माझ्याकडे पाहून भांडी घासल्याची खूण केली.

बाटलीत पांढरी होती, कबुतरखान्यामागच्या तुकड्यातली. लँ द लेल द्राक्षाची. नावाचा अर्थच मुळी 'डोळ्यापासून लांब'. वेलीला डोळा फुटतो, आणि या जातीचा घड त्या डोळ्यापासून लांब देठावर लोंबतो, म्हणून. पेअरचा वास, सफरचंदाची साल, आणि शेवटी जिभेवर अगदी बारीक कडसर चव, कडू बदामाची. चीजबरोबर तर काय सांगू! मी डोळे मिटून घेतले. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती ही. कबुतरखान्याच्या मागे वर्षानुवर्षं पिकत होती आणि मी पलीकडच्या रस्त्यानं शंभरदा गेले असेन.

एलीनं सगळ्यांना ओतली. ल्युसियाँलासुद्धा, बोटभर. आणि माझा नवरा ती प्यायला. तीस वर्षांच्या संसारात मी हे बघितलं नव्हतं.

मग म्हातारा बसला आणि मुलीला म्हणाला, "जेर्व्हेला शिव्या देऊ नकोस."

"जेर्व्हेला कशाला देईन?"

"त्या यंत्राला आता काहीच झालेलं नाही."

"म्हणजे?"

"सप्टेंबरातच दुरुस्त झालंय. मी त्याला दर पंधरवड्याला एक कॅन नेऊन देतो. आणि सांगून ठेवलंय, की गाडी बंद पडून जो कुणी येईल, त्याला ग्लासभर पाजायची. एखादा तरी येईल विचारत, 'ही कुणाची' म्हणून." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "या सातव्या. आधीचे सहा पिऊन नुसतेच गेले. त्यात एक दातांचा डॉक्टर होता."

सेव्हरीनचं तोंड उघडंच राहिलं. "पापा! तुम्ही तर शब्द दिला होता!"

"मी दिला होता," एली म्हणाला. "वाइननं नव्हता दिला."

तिला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, रडता रडता परत हसू. तिनं टेबलावर डोकं टेकलं, आणि म्हाताऱ्यानं आपला जाडाभरडा हात तिच्या घट्ट बांधलेल्या केसांवर ठेवला.

डोकं वर केल्यावर तिनं फोन उचलून जेर्व्हेला लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"जेर्व्हे, मी सेव्हरीन. गुरुवारच्या त्या यंत्राचं काय?"

पलीकडून क्षणाचाही विचार न करता आवाज आला, "नाही हो होत, मादमुआझेल! तो एक भाग आहे ना आतला, तो कुठ्ठेच मिळत नाहीये!"

"मिळू देऊ नकोस," ती म्हणाली. "कधीच."

आणि फोन ठेवून दिला.

पुढचं व्यवहाराचं बोलणं पाच मिनिटांत आटपलं. घरची लाल आणि घरची पांढरी, जितकी असेल तितकी माझ्याकडे. साध्या हलक्या बाटलीत. लेबलवर पक्षी नको, सोनं नको, फक्त 'एली व्हेसिएर' एवढं मोठ्या अक्षरात, की नर्सबाईंना चष्म्याशिवाय वाचता यावं. फळीवर साडेआठ युरोंना. भाव तिनंच काढला. त्यात दोघांचं नीट भागेल की नाही हे मी तिला दोनदा विचारलं, तिनं दोनदा 'हो' म्हटलं.

"आणि भरारीचं काय करायचं?" ल्युसियाँनं विचारलं. बोटभर वाइननं त्याला कंठ फुटला होता.

सेव्हरीननं स्वतःच्या ताटलीकडे पाहिलं. तळाला थोडा गार रस्सा होता. तिनं चमचा पालथा घातला, जड बाटली उचलली, चमच्याची पाठ बुडेस्तोवर ओतली आणि दोन्ही हातांनी ताटली तोंडाला लावली.

"सुपात बरी लागते," ती म्हणाली.

"लाकूड कमी करायला पाहिजे," एली म्हणाला. "पिंप जुनं घे. आणि द्राक्ष आठ दिवस आधी तोड, उतारावरचं तर दहा दिवस आधी. खालच्या रांगेत पाणी थांबतं, तिथे तुला यंदा बुरशी आली ती त्यामुळेच. मला जूनमध्येच दिसलं होतं."

"जूनमध्ये!"

"शब्द दिला होता ना."

आणि मग तो म्हातारा जो बोलायला लागला! तीन वर्षांचं साचलेलं होतं हो. कुठली रांग कधी छाटायची, कुठल्या वेलीला मुलं होऊ द्यायची नाहीत, म्हणजे फुटवे, पांढऱ्याच्या तुकड्यात दव किती वाजेपर्यंत राहतं. आम्ही निघालो तेव्हा चार वाजत आले होते आणि तो अजून कबुतरखान्यापाशीच पोचला होता. सेव्हरीन मधे एकदाही बोलली नाही. तिनं सोनेरी पक्ष्यांच्या लेबलांचा गठ्ठा पुढे ओढून पालथा घातला होता. त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती, वडील सांगतील ते, एकेक अक्षर उतरवून घेत होती.